फितरा घेणाऱ्या बाईचा चेहरा छापू नका

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

ईदनंतरच्या आपल्या पहिल्याच अंकात आतल्या पानावर एक छायाचित्र आहे. धान्याची एक पिशवी, तिला सहा जणांचे हात लागलेले, आणि सहाही जण कॅमेऱ्याकडे बघत आहेत. पिशवीच्या दुसऱ्या बाजूला एक बाई आहे. कडेवर लेकरू, शेजारी तिच्या ओढणीचं टोक घट्ट धरून उभी असलेली मुलगी. बाईची नजर खाली आहे. मुलगी मात्र थेट कॅमेऱ्यात बघते आहे. खाली सहाही जणांची नावं पदांसकट छापली आहेत. बाईच्या वाट्याला ‘गरजू महिला’ एवढे दोनच शब्द आले आहेत.

ती मुलगी आठ-नऊ वर्षांची असेल. हे पत्र मी तिच्याकरता लिहिते आहे, कारण तिच्या वयाची असताना मी त्याच जागी उभी होते.

आधी एक सांगते. त्या सहा जणांबद्दल माझ्या मनात राग नाही. रमजानभर रोजे ठेवून, दिवसभराचं काम करून, रात्री धान्याच्या पिशव्या भरणं सोपं नसतं. त्यांचा हेतू चांगलाच असणार. पण रमजान ईद ज्या गोष्टीवर उभी आहे तिलाच त्या छायाचित्राने धक्का लागतो असं मला वाटतं, आणि ते मोकळेपणाने सांगणं भाग आहे.

आपल्या अनेक वाचकांना रमजान ईद म्हणजे महिनाभराचे उपास संपल्याचा आनंद एवढंच माहीत असतं. ते बरोबरच आहे. ‘फित्र’ या शब्दाचा अर्थच रोजा सोडणं. ईदच्या दिवशी तर रोजा ठेवायला बंदी आहे. पैगंबर साहेब नमाजला निघण्याआधी काही खजूर खात, तेही विषम संख्येत, अशी हदीस, म्हणजे पैगंबरांविषयीची परंपरेने जपलेली नोंद आहे. महिनाभर ज्याने आज्ञा म्हणून खाणं थांबवलं, त्याने त्या सकाळी आज्ञा म्हणूनच खायचं.

पण या सणाला एक अट आहे. नमाजला जाण्याआधी प्रत्येक घराने आपल्या घरातल्या प्रत्येक माणसामागे ठरावीक धान्य गरिबाला पोहोचवायचं. यालाच फितरा म्हणतात. जकात वेगळी. जकात वर्षभर साठून राहिलेल्या संपत्तीवर असते, तिचा हिशेब शेकडा अडीच असा निघतो. फितरा माणशी असतो. घरातल्या म्हाताऱ्याचा, तान्ह्या बाळाचा, आजारपणामुळे रोजे न ठेवलेल्याचासुद्धा. पैगंबर साहेबांनी तो माणशी एक साअ खजूर किंवा एक साअ जव असा ठरवून दिला आणि लोक नमाजला बाहेर पडण्याआधी द्यायला सांगितला. रोजे फर्ज, म्हणजे बंधनकारक झाले ते हिजरी या इस्लामी कालगणनेच्या सन २ मध्ये, आणि फितऱ्याचा हुकूमही त्याच वर्षीचा. सण आणि त्याची ही अट जोडीनेच आले.

साअ हे माप आहे. एका साअचे चार मुद्द, आणि एक मुद्द म्हणजे मध्यम हाताच्या माणसाची भरलेली ओंजळ. माणशी चार ओंजळी. आजच्या वजनात अडीच ते तीन किलोच्या आसपास. धान्य कोणतं आणि कोणत्या इमामांच्या मताने मोजता यावर थोडा फरक पडतो. रोख रक्कम द्यावी की धान्यच द्यावं, यावरही विद्वानांत मतभेद आहेत. हनफी या एका धर्मशास्त्रीय परंपरेच्या मताने किंमत देता येते. त्या वादात मी शिरत नाही, माझा मुद्दा त्याच्या अलीकडचा आहे.

मी ६६ वर्षांची आहे. मुलींच्या शाळेत ३१ वर्षं गणित शिकवलं, त्यामुळे आकडे माझ्या लिहिण्यात येतात त्याला इलाज नाही. हिजरी वर्ष ३५४ किंवा ३५५ दिवसांचं असतं. म्हणून ईद दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे सरकते आणि साधारण ३३ वर्षांत सगळ्या ऋतूंमधून फिरून येते. माझ्या आयुष्यात हे दोन फेरे पूर्ण झाले. लांबलचक दिवसांचे रोजे पाहिले, लवकर मावळणाऱ्या दिवसांचे पाहिले. ऋतू हलला तरी फितऱ्याची वेळ मात्र जागची हलली नाही. ती नमाजच्या अलीकडेच राहिली.

मी नऊ वर्षांची असताना शाबान महिन्यात माझे अब्बा गेले. पुढचा महिना रमजानचा. अम्मी इद्दतमध्ये, म्हणजे विधवेने पाळायच्या मुदतीत होती. पती वारल्यावर बाईची इद्दत चार महिने दहा दिवसांची असते, त्या काळात ती कारणाशिवाय घराबाहेर पडत नाही. म्हणजे संपूर्ण रमजान आणि ईद ती घरातच. कुणाकडे जाऊन दोन शब्द बोलण्याचीही सोय नव्हती, आणि असती तरी ती बोलली नसती. आम्ही तीन भावंडं, मी मोठी. घरात काय शिल्लक आहे हे मला कळत होतं, कारण मोजायचं काम माझ्याकडे होतं.

अठ्ठाविसाव्या रोज्याला, मगरिबची, म्हणजे सूर्यास्ताची नमाज होऊन बराच वेळ झाल्यावर, दारावर हलकी टकटक झाली. ओळखीच्या घरातली एक वयस्कर बाई होती. ती आत आली, अम्मीजवळ बसली, पिशवी भिंतीला टेकवून ठेवली आणि म्हणाली, “आमच्या घरचा फितरा आहे. तुम्ही घेतलात तर आमचे रोजे पुरे होतील. नाही म्हणू नका.”

मला तेव्हा हे वाक्य कळलं नव्हतं. धान्य आम्हाला मिळत होतं आणि विनंती ती करत होती! पुढे हदीस वाचली तेव्हा उलगडा झाला. फितरा कशासाठी हे पैगंबर साहेबांचे साथीदार इब्न अब्बास यांनी सांगितलं आहे: रोजेदाराच्या तोंडून महिनाभरात जे वायफळ, वावगं बोलणं गेलं असेल त्यापासून त्याची शुद्धी, आणि गरिबाच्या घरी अन्न. त्याच हदीसमध्ये पुढे आहे की जो नमाजच्या आधी देईल त्याचा फितरा कबूल, आणि जो नमाजनंतर देईल त्याचं ते देणं इतर दानांसारखं एक दान. म्हणजे देणाऱ्याची गरज आधी आहे. त्याच्या रोज्यांत जे उणं राहिलं ते भरून निघायला त्याला कुणीतरी घेणारं लागतं. त्या बाईला हे माहीत होतं. ती उपकार करायला आली नव्हती, स्वतःचं काम घेऊन आली होती. आणि अम्मीने तिचं ते काम केलं.

त्या दोन रात्रींत तीन घरांतून धान्य आलं. चाँदरातीला चंद्र दिसल्याची हाक ऐकू आली तशी अम्मीने मला परात आणायला सांगितली. आमच्या घरात शाफई या दुसऱ्या धर्मशास्त्रीय परंपरेची पद्धत पाळतात. तिच्यात फितरा देण्यासाठी श्रीमंत असावं लागत नाही. ईदची रात्र आणि ईदचा दिवस यांच्यापुरतं घरच्यांचं भागून वर काही उरत असेल तर फितरा लागू होतो. अम्मीने तेवढं बाजूला काढलं. उरलेल्या धान्यात हात घातले आणि मोजायला लागली. स्वतःच्या चार, माझ्या चार, दोन्ही भावंडांच्या चार चार. सोळा ओंजळी. अब्बांच्या ओंजळी नव्हत्या. पंधराव्या ओंजळीला ती थांबली, मी मोजणं चुकवलं की काय म्हणून मी घाबरले. मग तिने सोळावी घातली.

तिला बाहेर जाता येत नव्हतं म्हणून मला पाठवलं. कुठल्या घरी जायचं ते सांगितलं, आणि म्हणाली, “त्यांच्या हातात दे, सलाम कर आणि म्हण, आमच्या घरचा फितरा आहे. पिशवी परत मागायची नाही. मागे वळून बघायचं नाही.” मी गेले, वाक्य म्हटलं, आणि पळत घरी आले. संपादक महोदय, त्या रात्री मी एवढी ताठ मानेने चालले होते की आजही तो रस्ता पायांना आठवतो. अब्बा नसलेली मुलगी म्हणून लोक माझ्याकडे बघत होते, आणि मी मात्र फितरा देऊन आलेली मुलगी होते.

आता दुसरी आठवण. ती थोडक्यातच सांगते, कारण ती लांबवावीशी वाटत नाही.

चार वर्षांनी एका संस्थेने विधवा बायकांना मदतीसाठी बोलावलं. ईदचा दुसरा दिवस होता, नमाज होऊन चोवीस तास उलटून गेले होते. रांग होती, टेबल होतं, फोटोवाल्याला बोलावलं होतं. एकेका बाईचं नाव पुकारलं जाई, ती पुढे होई, पिशवीला हात लावून थांबे, फोटो निघाला की बाजूला होई. अम्मीने पदर पुढे ओढला तेव्हा कुणीतरी म्हणालं, चेहरा दिसू द्या. पुढे तो फोटो त्यांच्या वार्षिक अहवालात आला. तो अहवाल माझ्या वर्गातल्या एका मुलीच्या घरी होता. तिने शाळेत आणला आणि विचारलं, “ही तुझी अम्मी ना?” तिच्या मनात काही वाईट नव्हतं. मी म्हटलं, नाही.

मी अम्मीला नाकारलं. हे मी आजवर कुणाला सांगितलं नव्हतं. अम्मी आता नाही. तिच्या त्या वयातला आमच्याजवळ एकच फोटो आहे, आणि तो हाच. मी तो फाडला नाही, आणि भिंतीवर लावूही शकले नाही.

दोन्ही वेळा धान्य जवळपास तेवढंच होतं. म्हणून मला वाटतं की ईदची जी खरी किंमत आहे ती धान्याच्या वजनात नाही, ते कोणत्या वेळी आणि कोणत्या रीतीने घरात येतं त्यात आहे. नमाजच्या आधी का द्यायचं? त्या सकाळी कुणाच्याही घरातल्या माणसाला हात पसरायला बाहेर पडावं लागू नये, तोही नमाजला निघताना इतरांसारखाच निश्चिंत असावा म्हणून. या एका कारणासाठी फिकहच्या, म्हणजे इस्लामी धर्मशास्त्राच्या जाणकारांनी रमजान ईदची नमाज किंचित उशिरा पढणं चांगलं मानलं आहे, लोकांना फितरा पोहोचवायला वेळ मिळावा म्हणून. बकरी ईदची नमाज त्यामानाने लवकर, कारण कुर्बानी नमाजनंतर असते. अख्ख्या समाजाची नमाज एका गरीब घराच्या दारापर्यंत पिशवी पोहोचण्यासाठी थांबते. हे वाचलं तेव्हा मी बराच वेळ पुस्तक मिटून बसले होते. पैगंबर साहेबांचे साथीदार हजरत इब्न उमर यांच्या काळी तर लोक ईदच्या एक-दोन दिवस आधीच फितरा देऊन मोकळे होत. अठ्ठाविसाव्या रोज्याला आमच्याकडे आलेली ती बाई या जुन्या वाटेनेच आली होती.

कुरआनच्या दुसऱ्या सूरेत, म्हणजे अध्यायात, दानाविषयी सलग बऱ्याच आयती आहेत. त्यात अशा गरिबांचा उल्लेख येतो की ज्यांच्या संयमामुळे अजाण माणसाला ते सुखवस्तूच वाटतात. त्यांना त्यांच्या चेहऱ्यावरच्या खुणेवरून ओळखावं लागतं, ते लोकांच्या मागे लागून मागत नाहीत. (आयत २७३.) म्हणजे शोधणं हे देणाऱ्याचं काम आहे. रांग लावली की हे काम उलटं होतं, घेणाऱ्याला स्वतःला दाखवावं लागतं. त्याच्या आधीच, २६४ व्या आयतीत, उपकार बोलून दाखवून आणि दुखवून आपलं दान वाया घालवू नका असं बजावलं आहे. छापलेला फोटो हा न थांबता बोलून दाखवलेला उपकारच असतो. बोललेलं वाक्य विरून जातं, फोटो विरत नाही. हल्ली तर तो मोबाइलवरून घराघरांत जातो, त्या मुलीच्या वर्गातल्या प्रत्येकीच्या घरात.

हे सगळं मी अशा कामात असलेल्या एका तरुणाशी बोलले. नात्यातलाच आहे, मनाचा चांगला. तो म्हणाला, “खाला, फोटो नसला तर पुढच्या वर्षी लोक पैसे देत नाहीत. हिशेब दाखवावा लागतो.” त्याची अडचण खरी आहे आणि मी ती झटकून टाकत नाही. दुसऱ्याच्या पैशाचा हिशेब चोख असलाच पाहिजे. पण मी आयुष्यभर हिशेब शिकवला आहे. किती धान्य जमलं, किती घरांत गेलं, माणशी किती पडलं, शेवटची पिशवी चाँदरातीला किती वाजता पोहोचली, शिल्लक किती राहिली, हा हिशेब. एका बाईचा चेहरा हा हिशेब नव्हे. त्यावरून एका पिशवीचाही पत्ता लागत नाही.

त्याने २७१ वी आयत पुढे केली, आणि बरोबर केली. उघडपणे दान केलंत तरी ते चांगलंच, असं तिथे आहे. गुपचूप गरिबांना दिलंत तर ते तुमच्यासाठी अधिक चांगलं, असं लगेच पुढे आहे. मी त्याला म्हटलं, बाळा, उघड करायचा तो देणाऱ्याचा हात. घेणारीचा चेहरा उघडा करा असं त्यात कुठे आहे? तुला इतरांना उत्साह द्यायचा असेल तर आपण काय दिलं ते सांग, कुणाला दिलं ते सांगू नकोस. आपल्या मराठीत या हाताचं त्या हाताला कळू नये असं म्हणतात. हदीसमध्येही अगदी हेच आहे: कयामतच्या दिवशी ज्या सात जणांना अल्लाहची सावली मिळेल त्यांत एक असा, ज्याने दान इतकं लपवून केलं की उजव्या हाताने काय दिलं ते डाव्याला कळलं नाही. तो गप्प राहिला. पुढच्या वर्षी फोटो काढणार नाही असं त्याने वचन दिलं नाही, पण विचार करतो म्हणाला. मला तेवढ्यानेही बरं वाटलं.

मला स्वतःला ईदचा जो प्रसंग सर्वांत जवळचा वाटतो तो उघड दानाचाच आहे. पैगंबर साहेबांनी ईदची नमाज पढवली, मग खुतबा, म्हणजे प्रवचन दिलं. (ईदला आधी नमाज आणि मग खुतबा, जुम्याच्या, म्हणजे शुक्रवारच्या नमाजच्या उलट.) त्यानंतर ते बायकांच्या जागेकडे आले, सोबत त्यांचे साथीदार हजरत बिलाल. बायकांना त्यांनी दान करायला सांगितलं. बिलाल यांनी आपलं कापड पसरलं आणि बायका आपल्या अंगठ्या, कानातली त्यात टाकू लागल्या. हा फितरा नव्हे, तो नमाजच्या आधीच झालेला; हे खुशीचं दान. शेकडो वर्षं लोक ही गोष्ट सांगत आले. पण कोणी काय टाकलं याची नोंद नाही. ईमानाच्या वचनावर तुम्ही कायम आहात ना, असं विचारल्यावर एकच बाई मोठ्याने ‘होय’ म्हणाली, आणि ती कोण होती हे हदीस सांगणाऱ्यालाही माहीत नव्हतं. ते पसरलेलं कापड डोळ्यांसमोर उभं राहतं, त्यावर पडणाऱ्या अंगठ्यांचा आवाज ऐकू येतो, आणि नाव एकाही बाईचं नाही. ते सोनं-चांदी पुढे ज्यांच्या घरी गेलं त्यांचीही नावं नाहीत.

म्हणून माझी आपल्याला विनंती आहे. ईदच्या काळात अशी छायाचित्रं आपल्याकडे ढिगाने येत असणार. त्यांतली ज्यात घेणाऱ्या माणसाचा चेहरा आहे ती छापू नका. मुलांचे चेहरे तर मुळीच नकोत. रिकामी पोती छापा, तराजू छापा, रात्री उशिरापर्यंत पिशव्यांना गाठी मारणाऱ्या पोरांचे हात छापा. देणाऱ्यांची नावं छापायची तर खुशाल छापा, त्यांना हुरूप येईल. आणि जमलं तर रमजानच्या शेवटच्या आठवड्यात, ईदच्या शुभेच्छांच्या जाहिरातींच्या आधी, कोपऱ्यात एक चौकट द्या की फितरा नमाजच्या आधी पोहोचवायचा असतो. आपलं वृत्तपत्र अनेक मुस्लिम घरांत वाचलं जातं. विसरलेल्यांना आठवेल. इतर वाचकांनाही शेजारच्या घरात त्या संध्याकाळी एवढी लगबग कशाची असते ते कळेल. हे मी फक्त आमच्या सणापुरतं मागते आहे असंही नाही. मदत घेणारा माणूस कोणत्याही सणाला, कोणत्याही घरातला असो, त्याच्या मुलांना दुसऱ्या दिवशी शाळेत जायचं असतं.

मधुमेहामुळे गेली सहा वर्षं मी रोजे ठेवू शकत नाही. दररोजच्या रोज्यामागे एक मुद्द धान्य फिदया, म्हणजे न ठेवलेल्या रोज्याची भरपाई म्हणून देते. महिना तीस दिवसांचा झाला तर तीस ओंजळी, एकोणतीसचा झाला तर एकोणतीस. पहिल्या वर्षी फार रडू आलं होतं. आता ओंजळ भरताना त्या दिवसाचा रोजा हातात धरल्यासारखं वाटतं.

यंदा एकोणतिसाव्या रोज्याला दुपारी मला नातू झाला. शाफई मताप्रमाणे शेवटच्या दिवशी सूर्य मावळण्याआधी जन्मलेल्या बाळाचाही फितरा असतो. त्याच संध्याकाळी चंद्र दिसला. मुलगा दवाखान्यातून थकून आला होता, तरी मी त्याला बसू दिलं नाही. घरातल्या सगळ्यांचं धान्य मोजून झालं होतं. परातीत नव्याने धान्य घेतलं आणि त्याला म्हटलं, या चार तू मोज. त्याचे हात अम्मीपेक्षा मोठे आहेत, तरी त्याने काठोकाठ भरून मोजल्या. मग पिशवी घेऊन गेला. कुणाकडे गेला ते त्याला आणि मला माहीत आहे.

आपली विश्वासू,
एक निवृत्त गणित शिक्षिका